दिग्गीची वाट

गावकारमामा जोयड्याच्या सर्व्हे ऑफिसच्या दारात येऊन थांबले, पण आत येईनात. पायांना चिखल होता. सर म्हणाले, "या की आत, चिखल काय, पुसता येतो." तरी ते उंबऱ्याबाहेरच राहिले आणि तिथूनच म्हणाले, "देवानं कौल दिलाय. सर्व्हे आमच्याच गावात व्हायला पायजे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. गावकारमामा म्हणजे आमच्या गावाचे प्रमुख, देवाला विचारायचा मान त्यांच्या घराकडं. माझं सासर त्याच गावातलं. म्हणजे मामा माझ्याच बाजूनं भांडायला आले होते, आणि मला ते नको होतं असंही नव्हतं.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जोयड्यात, कर्नाटकातल्या आमच्या या रानातल्या तालुक्यात, सर्व्हे करणारी माणसं येतात. कधी पाण्याचा, कधी आजारपणाचा, कधी शेतीचा. ती बाहेरची असतात. रानातली वाट त्यांना माहीत नसते, आणि अनोळखी माणूस दिसला की आमच्या बायका दार लावून घेतात. मी पुढं चालते, हाक मारते, दार उघडून घेते. मग कन्नडमधला प्रश्न मराठीत, नाहीतर कोकणीत सांगते. प्रत्येक भागाची वाट दाखवणारी बाई वेगळी असते. माझा भाग अणशीकडचा. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, पण चुलीजवळ बसलेल्या बाईशी जमतं. या कामाला तेवढं पुरतं.

यंदाचा सर्व्हे प्यायच्या पाण्याचा होता. पावसात झऱ्याचं पाणी गढूळ होतं, तेव्हा लोक काय पितात ते बघायचं होतं. सगळ्या गावांत जायला वेळ नव्हता, म्हणून थोडी गावं निवडायची. या निवडलेल्या गावांना सॅम्पल म्हणतात. ती कुणी माणूस निवडत नाही. सगळ्या गावांची नावं कॉम्प्युटरला देतात आणि तो डोळे मिटून उचलावीत तशी त्यातली काही उचलतो.

हे सगळं ज्यांच्या हाती होतं, त्यांत माझी मुलगी होती. रेश्मा.

तिनं बारावीनंतर धारवाडला बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलं, तेव्हा आमच्याकडं कुणाला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. थोरले दीर म्हणाले, "नर्सिंग कर, नोकरी पक्की. ह्ये शिकून काय मोजत बसणार?" रेश्मानं त्यांना बियाण्याचं उदाहरण दिलं. पेरणीआधी आपण मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून ठेवतो, किती उगवतं ते बघतो. ती मूठ नुसती वरून घेतली तर फसायला होतं. पोत्याच्या तळातून, कडेतून, मधून घ्यावी लागते. "कुठून घ्यायची आणि त्यावरून अख्ख्या पोत्याचं काय सांगायचं, तेच शिकायचंय, काका." दीर म्हणाले, "मग ते आम्हाला येतंय की. त्याला धारवाडला कशाला जायला पायजे?" सगळे हसले. तीही हसली आणि गेली.

मी चौथी शिकले. पुढची शाळा रानापलीकडं होती. पोरगी सुटीत पुस्तकं घेऊन यायची तेव्हा मी ती उघडून बघायची. अक्षरं इंग्रजी, मधेमधे डोंगरासारखी एक रेघ काढलेली, दोन्हीकडं उतार. मी एकदा विचारलं, हा कुठला डोंगर? ती म्हणाली, पुष्कळ गोष्टींचा असतो असा, बरीचशी माणसं मधे, थोडी थोडी कडेला. ते मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवत होते. धान लावताना, पाणी आणताना. आपण कुठं असू त्यात? आणखी काही विचारावं वाटायचं, पण ती दमून आलेली असायची. मग मी जेवायला वाढायची.

धारवाडनंतर तिनं एमएस्सी केलं. तिच्या वर्गातली कुणी बँकेत लागली, कुणी विमा कंपनीत, कुणी औषधांच्या कंपनीत. एकजण सरकारी परीक्षा देऊन सांख्यिकी खात्यात गेला. रेश्मा बेंगळूरला, सर्व्हेचं काम करणाऱ्या ऑफिसात. दिरांना आता तिची नोकरी पक्की वाटते. पण ती शिमग्याला आली होती, त्यानंतर आलीच नव्हती. गणपतीच्या चवथीलाही सुटी मिळणार नाही, असं तिनं आधीच सांगितलं होतं, कारण याच सर्व्हेचे आकडे तोवर संपवायचे होते. म्हणून ती जोयड्याला येणार असं कळलं तेव्हापासून मी एकच धरून बसले होते, आमचं गाव सॅम्पलमध्ये यावं. आलं तर ती कामासाठी का होईना, घरी राहील.

नाही आलं. दिग्गी आलं, दूर रानातलं एक गाव.

आमचं गाव राखीव यादीत आलं, पहिल्या नंबरला. राखीव म्हणजे, निवडलेल्या गावात जाताच आलं नाही तर त्याच्याऐवजी घ्यायचं गाव.

ही गोष्ट गावात कळली आणि गावकारमामांनी विचारलं, "निवडलं कुणी?" मी म्हणाले, "कुणी न्हाई निवडलं. कॉम्प्युटरनं उचललं." मामा म्हणाले, "कुणी न्हाई म्हंजे देवानंच की." आणि त्यांनी सरळ देवाला कौल लावला. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला. उजवी पडली. ज्या गावात सर्व्हे, त्या गावाला नळ, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं ऑफिसात.

रेश्मा लॅपटॉपवरून उठून दारात गेली. आधी त्यांच्या पाया पडली. मामा थोडे वरमले.

"मोठी झालीस गं. आता आमालाच डावलतीस व्हय?"

"मी कशाला डावलू, मामा? देवाला तुम्ही काय विचारलंत?"

"आमच्या गावाचा सर्व्हे व्हावा काय, असं."

"आणि दिग्गीवाल्यांनी त्यांच्या देवाला हेच विचारलं तर?"

मामा मिशीतल्या मिशीत हसले. "तो बी उजवीच दील."

"मग दोन देवांचं भांडण मी कसं सोडवू? म्हणून हे कॉम्प्युटरला दिलंय. त्याला कुठलाच देव न्हाई, आणि गावही न्हाई."

"आणि नळ?"

"नळ सर्व्हेवाल्या गावालाच मिळतो असं नसतं, मामा. थोड्या गावांवरून सगळ्यांचं कळतं. तुमच्यासारख्या गावांचं दुखणं दिग्गीवाले सांगतील."

"दिग्गीवाले? त्यांच्या तोंडातून शब्द निघंल तर शप्पथ," मामा म्हणाले. पण राग गेला होता. सरांनी मागवलेला चहा ते उंबऱ्यावर बसूनच प्याले आणि बससाठी निघाले. जाताना मला म्हणाले, "पोरगी वकील व्हायला पायजे होती."

मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली. तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर आला. म्हणाला, दिग्गीकडं झाड पडलंय, ओढ्याला पाणी हाय, जीप जाणार न्हाई.

सरांनी पेन खाली ठेवलं. हे सर धारवाडचे, सर्व्हेचे मुख्य, माणूस चांगला. उगाच ओरडत नाहीत. ते म्हणाले, "मग झालंच की. जाता येत नाही, राखीव गाव घ्या. रेश्मा, तुझंच गाव. आज रात्री आईच्या हातचं जेव."

रेश्मा म्हणाली, "जीप जात नाही म्हणजे गावात जाता येत नाही असं होत नाही, सर."

"अगं, पावसात चालत कोण जाणार?"

"लोक जातात ना. जी गावं सोपी तीच घेतली तर पाणी सगळीकडं चांगलंच दिसेल. अवघड गावं गळली, की आकडा खोटा."

"मला शिकवू नको. नियमात काय आहे? वाट बंद असेल तर राखीव. वाट बंद आहे की नाही, एवढंच सांगायचं." सरांनी मोबाइल उचलला, ठेवला. दिग्गीला रेंज नाही. मग त्यांनी माझ्याकडं खुर्ची वळवली. "अक्का, तुम्ही इथल्या. चालत तरी वाट आहे काय?"

रेश्मा लगेच म्हणाली, "सर, त्या माझ्या आई आहेत. दुसऱ्या कुणाला विचारा."

"दुसरं कोण आहे इथं? ड्रायव्हर जीपमधून खाली उतरत नाही." ड्रायव्हर हसला. "सांगा अक्का."

रेश्मा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मुद्दाम. माझ्याकडं बघितलं तर मला काही सुचवल्यासारखं होईल म्हणून. तिची वेणी आता खांद्यापर्यंतच राहिली होती. तिच्या लहानपणी मी घालायची ती कमरेपर्यंत होती. घरी मी हळदीची पानं धुऊन ठेवली होती, त्यात पातोळ्या उकडायला. तिची गोधडी चुलीच्या वर वाळत घातली होती, कारण उन्हाचा पत्ता नव्हता. "बंद हाय" एवढंच म्हणायचं होतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं. सरांनाही तेच ऐकायचं होतं.

पण सकाळी बसस्टँडवर मला दिग्गीची एक बाई भेटली होती. तवशी, म्हणजे पावसातल्या मोठ्या काकड्या विकायला आली होती. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन, पडलेलं झाड ओलांडून ती चालत आली होती, रामनगरच्या गाडीला द्यायला. तिला माझ्या कामाचं माहीत होतं. तिनं विचारलं, "आमच्याकडं येणार काय गं कोण?" मी म्हणाले, येणार. ती म्हणाली, "मग आज घरीच ऱ्हायला सांगते सगळ्यांना."

"वाट चालू हाय," मी म्हणाले. हळू झालं, म्हणून परत म्हणाले. "झाड ओलांडता येतं. ओढ्याला वरच्या अंगाला साकव हाय, लाकडाचा. बायका टोपल्या घेऊन येतायत."

सरांनी खाली ठेवलेलं पेन परत उचललं. मग म्हणाले, "अक्का, तुम्ही तरी खोटं बोलायला पाहिजे होतं," आणि ड्रायव्हरला झाडापर्यंत जीप न्यायला सांगितली.

रेश्मानं बूट काढून माझ्या रबरी चपला मागितल्या. बुटात पाणी भरतं आणि जळू चढली तर कळत नाही. मी चपला दिल्या आणि तिचे बूट घातले. ते मला मोठे झाले. दिग्गीचा भाग माझा नव्हता, तिकडची बाई वाटेत जीपमध्ये चढणार होती; मी मागंच राहणार होते. जीपमध्ये चढताना ती म्हणाली, "आई, रागावलीस?"

"न्हाई."

"चवथीला बघते."

"मिळणार न्हाई म्हणालीस की."

"तरी बघते."

तिला चवथीला सुटी मिळाली नाही. दिग्गीहून ती तशीच पुढच्या तालुक्याला गेली, चपला ड्रायव्हरकडून परत आल्या. पातोळ्या मी केल्या. दिरांच्या पोरांनी खाल्ल्या. तिचे बूट मी धुऊन पुसून पाठवले.

पुढं रिपोर्ट झाला. ते मला तिनं फोनवर सांगितलं. मी रेंजसाठी टेकडीवर गेले होते. दिग्गीच्या बायकांनी सगळं नीट सांगितलं म्हणे, शब्द न्हाई निघत असं मामा म्हणाले होते तरी. जीप जात नाही अशा गावांचं पाणी वेगळं मोजायचं ठरलं. नळाचं अजून काही कळलेलं नाही, आम्हालाही नाही आणि दिग्गीलाही नाही.

मी विचारलं, "परत कधी होणार सर्व्हे?"

"पुढच्या वर्षी. गावं परत नव्यानं काढणार."

"मग मागच्या वेळी आपलं आलं न्हाई, म्हणून यंदा जास्त आशा ना?"

ती हसली. मग गंभीर झाली. हे तिला वर्गात शिकवलेलं असणार. "न्हाई आई. मागचं काही धरत नाहीत. सगळी गावं परत एकदम सारखी. जेवढी आशा मागच्या वेळी होती, तेवढीच."

तेवढीच. मी टेकडीवरून खाली उतरले. तेवढी म्हणजे फार नाही. पण मागच्यापेक्षा कमीही नाही.