करजगी मास्तरांची दोन रकान्यांची वही

करजगी मास्तर छड्या कानडीत मोजायचे. शिकवायचे मराठीत, चिडायचे उर्दूत, पण निर्गुडीची छडी हातात आली की ओंदु, एरडु, मूरु. आमच्या वर्गातल्या कुणाला पुढं कानडी वाचता आली नाही, पण दहापर्यंत मोजता सगळ्यांना येत होतं. तळहातावर शिकलेलं माणूस विसरत नाही. ते अफजलपूरकडच्या करजगीचे, म्हणून करजगी मास्तर. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते कुणाला कधी लागलं नाही.

मार कशाबद्दल बसेल हे मात्र ठरलेलं होतं. गणित चुकलं तर मास्तर हसायचे. पाठांतर आलं नाही तर "उद्या ये" म्हणायचे. छडी निघायची ती ऐकीव गोष्टीला. कुणी काही ठोकून दिलं की ते खुर्चीतून उठत आणि विचारत, "ऐकलास का बघितलास?" ऐकलं असेल तर कुणाकडून, आणि त्यानं कुणाकडून, हे सांगता आलं तर सुटका. एकदा एका पोरानं सांगितलं की साप दूध पितो. कुणी सांगितलं? आजीनं. आजी कुठं आहे? वारली. त्याला आठ बसल्या. आमचा हिशेब असा, की चार सापाच्या आणि चार आजीच्या.

मन्नाएखेळ्ळीपासून चार कोसांवरच्या आमच्या गावात शाळेला मास्तर एकच. निजामाच्या काळात तेच उर्दूतून शिकवत, पोलीस ॲक्शननंतर त्याच बाकांवर, त्याच नकाशापुढं मराठीतून शिकवू लागले. इतिहासाला शेवटपर्यंत तारीख म्हणत आणि भूगोलाला जुगराफिया. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. शाळेमागच्या खोलीत स्वतः भाकरी थापून खात, आणि ती भाकरी इतकी वाईट असे की आई सणावाराला माझ्याकडून ताट पाठवायची.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती आणि त्या बोटांना गावात फार मान होता. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे बंदूकवाले आमच्याकडंही आले, त्यांना धान्य हवं होतं. आमच्या अंगणात पेव होतं, म्हणजे ज्वारी साठवायची जमिनीखालची खोल कोठी. आठ घरांची ज्वारी त्यात होती. तोंड मातीनं बुजवून वर सारवलेलं, परक्याला पत्ता लागणं शक्य नाही. त्यांनी मास्तरांना पकडलं, हात विहिरीच्या दगडावर ठेवून बंदुकीच्या दस्त्यानं ठेचला. बोटं मोडली पण मास्तर बोलले नाहीत, असं सगळा गाव सांगायचा. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोक सरळ आमच्या अंगणात आले आणि नेमकं पेवाचं तोंड उकरलं. माझे धाकटे काका आडवे झाले. त्यांना गोळी घातली, ते पेवातच पडले. वर काढले तेव्हा त्यांच्या तोंडात ज्वारी भरली होती. मी आठ वर्षांची होते. तोंडातली ज्वारी आईनं बोटानं काढली, हे मी बघितलेलं आहे.

मग फौज आली, बंदूकवाले पळाले, आणि गाव पेव दाखवणाऱ्याला शोधू लागला. नाव निघालं इमाम पिंजाऱ्याचं. तो घरोघरी बसून कापूस पिंजायचा, कुणाच्या घरात काय कुठं आहे हे त्याला ठाऊक, शिवाय मुसलमान. एवढं पुरलं. त्याला त्याच्याच घरात, कापसाच्या ढिगावर, कुऱ्हाडीनं तोडला. बायको चांदबी समोर होती. ती मन्नाएखेळ्ळीला भावाकडं गेली, घराला कुलूप लागलं. दर वर्षी पाटलाकडं येऊन घर मागायची, आणि दर वर्षी फितुराची बायको म्हणून तिला वेशीबाहेर काढायचे.

आम्ही सातवीत असताना मास्तरांनी नवंच काढलं. प्रत्येकानं एक विषय घ्यायचा, महिनाभर तपास करायचा आणि शनिवारी उभं राहून वाचायचा. वहीला दोन रकाने, डावीकडं ऐकलेलं, उजवीकडं बघितलेलं. एकानं घेतलं, पाटलाच्या विहिरीचं पाणी मचूळ का. एकानं, वेशीतल्या शिळेवर काय कोरलंय. एकानं, आपल्या बोलण्यात कानडी शब्द किती. मी आळशी. मला उत्तर ठाऊक असलेला विषय हवा होता, म्हणून मी लिहून दिलं, आमचं पेव कुणी दाखवलं.

मास्तरांनी तो कागद बराच वेळ खाली ठेवला नाही. "दुसरं काईतरी घे, तंगी," म्हणाले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. वर्गात मुलगी मी एकटीच. मी म्हटलं, विहीर गेली, शिळा गेली, मला उरलंय काय? त्यांनी दटावलं असतं तर मी मुकाट्यानं दुसरं घेतलं असतं. पण विषय ज्याचा त्यानं निवडायचा हा त्यांचाच नियम होता, आणि स्वतःचा नियम मोडणं त्या माणसाला जमायचं नाही.

महिनाभर मी वही घेऊन हिंडले. सगळे इमामचं नाव सांगत. मग मी मास्तरांचा प्रश्न विचारायची आणि लोक अडखळायचे. बघितलेलं कुणीच नव्हतं. उजवा रकाना कोरा राहिला, डावीकडं मी बाण काढत गेले. आईला सांगितलं अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. अप्पांना सांगितलं सुतारानं. सुतारानं रंधा थांबवला, आठवलं आणि म्हणाला, पारावर सगळे बसलो होतो, तेव्हा मास्तरच बोलले. मी मूर्ख, खूश झाले. मास्तर म्हणजे पक्का साक्षीदार. त्यांनी बघितलंच असणार, शनिवारी माझा उजवा रकाना भरणार.

शनिवारी मी ठणठणीत आवाजात वाचलं आणि शेवटी विचारलं, "मास्तर, तुमी बघितलाव न्हवं?"

त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी उठले आणि हात पुढं करायला सांगितला. दहापर्यंत मोजलं, मग मोजणं थांबलं पण छडी थांबली नाही. तळहात, मनगट, बोटांची पेरं. छडी चिरफाळली तेव्हा उरलेल्या तुकड्यानं मारत राहिले. बाकावरची पोरं रडायला लागली. रक्त त्यांच्या धोतरावर उडालं, तेव्हा ते थांबले. स्वतःच्या उपरण्यानं माझा हात गुंडाळला, दुसरा हात धरला आणि मला घेऊन पाराकडं निघाले. सगळा वर्ग मागोमाग.

पारावर अप्पा, सुतार आणि आणखी पाचसहा जण बसले होते. मास्तर त्यांच्यापुढं उभे राहिले.

"पेव मी दाखवलं. इमामनं न्हाई."

कुणाला काही कळेना. मास्तरांनी ती वाकडी बोटं वर केली. "दोन मोडली तवर गप हुतो. तिसरं धरलं आन मी सांगितलं. मग तुमी विचारायलाव, कुणी दाखवलं, कुणी दाखवलं. सगळे माझ्याकडंच बघायलेत असं वाटलं. तोंडातनं इमामचं नाव गेलं. तुमी त्याला मारताव हे ठाऊक नव्हतं, असं म्हणणार न्हाई. ठाऊक हुतं."

जवळच बैलगाडी उभी होती. अप्पांनी जोखडाची शिवळ उपसली आणि तो लाकडी दांडा त्या वर केलेल्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मग बाकीचे उठले. चपला, दगड, लाथा. सुतार सगळ्यात पुढं. मास्तर खोटं बोलत असले तरच यांनी फितूर मारला होता. खरं बोलत असले तर एका गरीब पिंजाऱ्याचा खून केला होता. "खोटं बोललो म्हण," अप्पा छातीवर गुडघा देऊन ओरडत होते. "म्हण, न्हाईतर जीव घेतो." मास्तरांचे दात पडले, एक डोळा बंद झाला, पण ते तसं म्हणाले नाहीत. दोन माणसांच्या मरणाला ते कारण झाले होते आणि त्यातले एक माझे काका होते. तरीही, पारावरच्या त्या सगळ्यांत मला तोच एक माणूस आपला वाटला. हे मी आज लिहितेय, तेव्हा लाज वाटली होती.

आई धावत आली आणि मास्तरांवर आडवी पडली, म्हणून ते वाचले. तिनं त्यांना आमच्याच गोठ्यात ठेवलं, बांबूच्या कामट्यांनी हात बांधला, तीन दिवस आंबील पाजली. तुझ्या दिराचा जीव ज्यांच्यामुळं गेला त्यांना का पाजतेस, असं शेजारणींनी विचारलं. आई म्हणाली, बोटं ठेचली असती तर मीही सांगितलं असतं, तुम्हीही. चौथ्या दिवशी मास्तर जायला निघाले. गाडी द्यायला कुणी तयार होईना. आईनं अप्पांना चुलीपुढूनच सांगितलं, "हात तुमी मोडलाव, मोटारीपर्यंत तुमीच पोचवा."

अप्पांनी गाडी जुंपली. मीही मास्तरांशेजारी बसले. वाटेत त्यांनी माझा हात उघडून पाहिला, खपल्या पाहिल्या आणि म्हणाले, "येवढ्यांना विचारलास, तंगी. चांदबीला कामून न्हाई विचारलास?" ती आमच्या मोजणीतच नव्हती.

मन्नाएखेळ्ळीत शिरल्यावर मास्तरांनी गाडी तिच्या बोळापाशी थांबवायला लावली. मी त्यांना धरून तिच्या दारापर्यंत नेलं. चांदबी गोधडी शिवत होती. मास्तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि पारावर बोलले ते सगळं पुन्हा बोलले, एक शब्द कमी केला नाही. घर तिचं आहे, आपण डाव्या हातानं लिहून पाटलाकडं दिलंय, हेही सांगितलं. माफी मागितली नाही. ती मागण्यासारखी नाही हे त्यांना कळत होतं.

चांदबीची सुई थांबली नाही. टाका पुरा करून तिनं दोरा दातानं तोडला.

"नाव तुमी घेतलाव," ती म्हणाली. "कुऱ्हाड कुणाची हुती ते मी बघितलंय. त्यो कुटं हाय?"

मी बोळाच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला समजलं. ती उठून दारात आली. भर उन्हात गाडी उभी होती, अप्पा वर बसलेले, कासरा हातात. वीसएक पावलांचं अंतर. तिनं हाक मारली नाही, शिवी दिली नाही, नुसती उभी राहिली.

मास्तर मोटारीच्या अड्ड्याकडं चालत निघाले, मी त्यांची पेटी घेऊन मागं. मोटार आली, ते चढले, खिडकीतून डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत. मी बोळापाशी परत आले तेव्हा उन्हं कलली होती. चांदबी दारात तशीच उभी होती. मी म्हटलं, अप्पा, ती थांबलीय. अप्पांनी मान वर केली नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी बैलांच्या पाठीवर कासरा मारला, आणि गाडी गावाकडं वळली.