पेज प्यायलेलं सिमेंट

सिमेंटची दया येणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच जन्मला आणि तो माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीच्या गळ्यात पडला. म्हणजे नात्याने ते माझे साडभाऊ. गोंदियाजवळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात सिमेंटचे ठोकळे मशीनखाली दाबून फोडणे ही त्यांची नोकरी. "कितीही दाबा, बिचारं सहन करते. जरासं वाकवाले जा, मोडलंच," हे ते अशा आवाजात सांगत, की घरातल्याच कुणा मानी म्हाताऱ्याबद्दल चाललंय असं वाटावं. पुतण्यासाठी सालेकशाला मुलगी बघायला गेलो, तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि हे ओट्याच्या भेगेत बोट घालून बसले होते. मुलीच्या बापाने घाबरून विचारलं, "काही चुकलं का जी?" तर म्हणाले, "चुकलं तं. यात कार्बनचे तंतू पाह्यजे होते." सोयरीक तरीही जमली, यात त्यांचा काही हात नाही.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. पोरांच्या प्रोजेक्टमधून उरलेली कार्बन तंतूंची एक पिशवी ते मुर्री गावातल्या आपल्या घरी घेऊन आले. केसाहून बारीक, काळेभोर तुकडे. सिमेंटला भेग पडू लागली की हे तंतू तिचे दोन्ही काठ धरून ठेवतात, शिवाय त्यांच्यातून वीजही वाहते, असं त्यांनी मला जेवताना इतक्यांदा सांगितलं की माझा भात थंड झाला. अडचण एवढीच, की तंतू सुटे राहीनात. लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखे घोळका करून एकाच कोपऱ्यात बसत. ते सुटे करायला साडभाऊंनी कणकेची परात घेतली आणि तशीच परत ठेवली. त्या संध्याकाळी पोळ्यांत जे निघालं ते पाहून मेव्हणी म्हणाली, "तुमच्या संसारात माझे केस पांढरे झाले, आणि पोळीत काळे निघून राहिले!" सगळं घर तीन दिवस खाजवत होतं.

उपाय सापडला तो मायच्या वाटीत. माय म्हणजे त्यांची आई, ऐंशीच्या घरातली, दुपारी भाताची पेज पिणारी. साडभाऊंनी चिमूटभर तंतू तिच्या पेजेत टाकून ढवळले, तर काय, एकेक तंतू अलग! आनंदाच्या भरात त्यांनी सगळं भांडं सिमेंटमध्ये ओतलं. चार दिवस झाले तरी सिमेंट घट्ट होईना, त्यावरून कोंबडी फिरून आली. माय म्हणाली, "माही पेज पाजली त्याले, मंग थे झोपन नाई तं काय करन!" दुसऱ्या वेळी त्यांनी चमचाभरच पेज घालून फळी ओतली. कोंबडी मात्र सवयीने याही वेळी फिरून गेली.

या दुसऱ्या फळीचा अंगणात बाक झाला. दोन्ही टोकांना वायर, एक छोटी बॅटरी आणि खिडकीत काट्याचं मीटर. कुणी बसलं की फळी कणभर वाके, तिच्यातून वाहणारी वीज बदले आणि काटा सरके. माणूस जेवढा जड, तेवढा काटा पुढे. अर्धी मुर्री बसून गेली. एका चतुर्थीला मी कोहमाऱ्याच्या ढाब्यावर पोट फुटेस्तोवर जेवून बायकोसोबत तिथे पोहोचलो. मी बसताच साडभाऊ खिडकीतून ओरडले, "साडभाऊ, तुमचा उपास आज लय जड दिसून राहिला!" पुढचे आठ दिवस माझ्या घरी खरंच उपास होता.

माय आधी "करंट मारन" म्हणून बाकाला घाबरली, मग रोज दुपारी चार वाजता तिथेच तांदूळ निवडत बसू लागली. साडभाऊ रोज तिचा आकडा वहीत लिहीत.

दिवाळीनंतर तो आकडा उतरू लागला. त्यांनी बॅटरी बदलली, वायर बदलली, हवेतल्या ओलाव्याला शिव्या दिल्या. शेवटी मला बोलावलं आणि तीनदा बसवलं. काटा नेहमीच्या जागी. मेव्हणीला बसवलं, तोही नेहमीच्या जागी. साडभाऊंचा चेहरा उतरला. "जिंदगीत पहिल्यांदा वाटून राहिलं जी, का माहं काम चुकलं पाह्यजे," ते म्हणाले. 

"मले काई नाई झालं, तुहा बाकच खोटा होय," म्हणणाऱ्या मायला त्यांनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. छातीचा रोग निघाला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाले. औषधं चालली आणि काटा हळूहळू पुढे सरकू लागला. माय आणखी पाच-सहा वर्षं त्या बाकावर तांदूळ निवडत राहिली.

आता ती नाही. बाकाला अजून एकही भेग नाही, कोंबडीची पावलंही शाबूत आहेत. परवा गेलो तर चार वाजायला आले होते. मी बसू लागताच साडभाऊ खिडकीतून म्हणाले, "थांबा जी, पाच मिनिटं." बाक रिकामा होता, काटा हलला नव्हता. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला, वही मिटली आणि मग हळूच म्हणाले, "हां, बसा आता."