शाहिरांच्या डाव्या हाताला

आमच्या मावसांइतका भित्रा माणूस त्या काळी इंदापूर आणि बारामती या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडला नसता. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं, तर त्यांनी ते मान्य करून वर, आपण आणखी कशाकशाला भितो, याचीही भर घातली असती. मावसा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लासुर्ण्याच्या बाजूला त्यांची वस्ती होती. थोडा ऊस, दोन म्हशी आणि एक गिटार एवढा त्यांचा पसारा. वडील मेंढरं राखणारे, पावसाळा सरला की कळप घेऊन घाटाखाली उतरणारे. अशाच एका फेरीत मावसा पुण्यात मागे राहिले, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काही वर्षं राबले आणि परत आले ते पाठीला गिटार लावून. वडिलांनी ती बोटानं टकटक वाजवून पाहिली आणि हिला चारा काय लागतो, एवढंच विचारलं म्हणतात.

पुढे ते आमच्या शाहिरांच्या लोकगीत पार्टीत गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. मी शाळेची नोकरी सांभाळून त्या पार्टीत निवेदन करायचो, म्हणून नव्वदच्या दशकातली ती सगळी वर्षं मला मावसांच्या भीतीसोबत काढावी लागली. कार्यक्रम संध्याकाळी असला तरी मावसा दुपारच्या जेवणाआधीच फाट्यावर येऊन उभे राहायचे. गिटार आधी धोतरात, मग वाकळेत आणि वरून खताच्या गोणीत गुंडाळलेली. एसटीत ती मांडीवर घ्यायची, आणि शेजारी बसणाऱ्याला आधी विचारायचं, की बाबा, तुम्हाला डुलकी लागायची सवय तर नाही ना. स्टेजवर पोचल्यावर ते एकेक फळी पायानं दाबून बघायचे. जनरेटरवाल्याकडे जाऊन इतके बारीक प्रश्न विचारायचे, की सोमेश्वरनगरला एका जनरेटरवाल्यानं मला बाजूला घेऊन, हे साहेब कुठल्या खात्याचे, असं विचारलं होतं. कार्यक्रमाआधी भीतीनं जेवण जायचं नाही आणि नंतर, काहीच कसं बिघडलं नाही या काळजीनं जायचं नाही. आणि दिवसभर चालायचं ते सुरात लावायला तारा पिळणं. उसाला पाणी देताना दाऱ्यावर बसूनसुद्धा पिळायचे.

पण एकदा कार्यक्रम सुरू झाला, की शाहिरांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, हा माणूस असा उभा राहायचा की तिथे कोणी आहे हे विसरायला व्हावं. लोकांकडे बघायचं नाही, तारांकडेही नाही. बघायचं ते शाहिरांच्या मानेकडे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "गाणारा कुठं जाणार हाय, ते आधी मानंला कळतं. मग त्याच्या तोंडाला." शाहीर वरच्या सुरात चढायच्या आत मावसांची गिटार तिथे जाऊन सतरंजी अंथरून ठेवायची, आणि शाहीर ऐटीत त्यावर जाऊन बसायचे. टाळ्या शाहिरांना पडायच्या. मावसांना त्याचं काही नव्हतं. उलट, आपल्याला टाळ्या पडल्या तर काय करायचं, ही आणखी एक भीती त्यांना होती.

अशा माणसाचं आणि शाहिरांचं बिनसलं ते बारामतीत. गाणं ऐन रंगात असताना मावसांची तार तुटली. शाहीर स्वभावानं वाईट नव्हते, पण समोर माइक आणि माणसं दिसली की त्यांच्या जिभेला लगाम राहायचा नाही. ते म्हणाले, आमच्या गिटारवाल्याची आज तार गेलीय, आणि गिटारीचीही गेलीय. मंडप हसला. मावसांनी उरलेल्या तारांवर कार्यक्रम पुरा केला, गिटार गुंडाळली, आणि त्या दिवसापासून शाहिरांशी बोलणं बंद केलं. कार्यक्रम मात्र एकही चुकवला नाही. तीन वर्षं हे चाललं. जीपमध्ये मी दोघांच्या मधे. शाहीर मला म्हणायचे, विचारा त्यांना, आज काळी चारचा सूर धरू का. मावसा मला सांगायचे, त्यांना म्हणावं, घसा बसलाय, काळी दोन धरा. दोघांना एकमेकांचं नीट ऐकू यायचं, तरी मी प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायचं असा रिवाज पडला होता. स्टेजवर मात्र कसलाच अबोला नसायचा. मान आणि गिटार आपसात बोलत राहायच्या.

मग ती होडी आली. उजनीच्या फुगवट्यापलीकडच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता. रस्त्यानं जायचं तर धरणाला मोठा वळसा, म्हणून त्या गावच्या मंडळींनी पळसदेवच्या बाजूला होडी पाठवली. वैशाखाची दुपार होती. मावसांनी पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, होडीवाल्याला पोहता येतं का ते विचारलं. येतं म्हणाल्यावर, आमाला येत न्हाय, असं स्वच्छ सांगून ते गिटार पोटाशी धरून मधोमध बसले. शाहीर पुढे, मी, ढोलकीवाला, मागून साथीला गाणारे दोन झीलकरी, पेटी आणि स्पीकरचे खोके. होडीवाला पोक्त होता, कमी बोलणारा. एवढं वजन बघून त्याच्या कपाळावर आठी आली, ती मावसांनी बरोबर टिपली आणि मला दाखवली.

निम्म्या पाण्यात गेलो आणि वळवाचा वारा उठला. बघता बघता पाणी काळं पडलं, लाटा काठावरून आत यायला लागल्या, आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. होडीवाल्यानं वल्हं हातात घेतलं, ढोलकीवाल्याकडे एक डबा फेकला, आणि शांतपणे सांगितलं, "पाणी काढा. आन् कुणी उठायचं न्हाय. उठला तर समदी जाऊ."

हे ऐकून नेमके शाहीर उठले. अंगानं भरदार माणूस. पेटी भिजायला लागली होती, ती त्यांना वर उचलायची होती, की नुसतं पळायचं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. होडी एका अंगावर कलली, घागरभर पाणी आत आलं. झीलकऱ्यांनी त्यांचं धोतर धरून खाली ओढलं, ते पुन्हा उठले. डोळे फिरलेले होते. आम्ही काय ओरडत होतो ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. मी मावसांकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता बेशुद्ध पडणार. मावसा वाकळ सोडत होते.

त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि आमच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीचा गण वाजवायला घेतला. त्या वाऱ्यात, त्या पाण्यात, त्याच संथ लयीत. सुरुवातीचा तुकडा एकदा वाजला. शाहिरांनी मान वळवली. दुसऱ्यांदा वाजला. मावसांची नजर शाहिरांच्या मानेवर होती. तिसऱ्यांदा तो तुकडा समेवर आला आणि शाहीर मटकन खाली बसले, मांडी घातली, डोळे मिटले आणि गायला लागले. आवाज आधी फाटका, मग भरीव. झीलकऱ्यांनी सवयीनं झील ओढली. ढोलकीवाला डबा बुडवत आणि ओतत होता तोही ठेक्यात. मी नुसता बसून होतो. शाहीर एक कडवं संपवायचे आणि उठायचा विचार त्यांच्या मानेत यायच्या आत मावसा पुढचं सुरू करायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गिटार पुढे होती आणि शाहीर मागे. गण संपला, तो पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला. होडी वाऱ्यानं वाहवत वाहवत बुडालेल्या बाभळींच्या खुंटांत शिरली आणि चिखलात रुतली.

आम्ही गुडघाभर चिखलातून पलीकडच्या काठावर आलो. शाहीर थोडा वेळ उभे राहून धापा टाकत होते. मग ते माझ्याकडे न बघता थेट मावसांना म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला घाई केली तुमी."

मावसा म्हणाले, "पाणी आत येत हुतं, शाहीर."

तीन वर्षांनी झालेलं हे बोलणं. त्यानंतर मावसा खाली बसून गिटार पुन्हा वाकळेत गुंडाळायला लागले, तर त्यांना गाठ मारता येईना. गावकऱ्यांनी आणलेला चहाही त्यांना धरता येईना, तेव्हा शाहिरांनी कपबशी आपल्या हातात धरून त्यांना तो पाजला. मी नंतर विचारलं, इतकी गाणी असताना गणच का घेतला. मावसांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "शाहीर गण तेवढा बसून म्हंत्यात," ते म्हणाले. "बाकी समदी गाणी उभ्यानं हायती."

त्या संध्याकाळी ओल्या कपड्यांनी कार्यक्रम झाला. परतताना मावसांनी होडीत पाय ठेवला नाही. ते आणि शाहीर लांबच्या वळशानं, उसाच्या ट्रॅक्टरवर बसून, वाटभर एकमेकांशी भांडत आले.

मावसा गेले त्या दशकाच्या शेवटी, गळीत हंगामात. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं. घाबरायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. दहाव्याला शाहीर आले, उन्हात एका बाजूला बसून राहिले.

माणसं पांगल्यावर मावशीनं मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "खरं सांग, ह्ये चांगलं वाजवायचे का रं?" मी चकित झालो. मग कळलं, की तिनं एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. तू समोर बसलीस तर माझी बोटं चालायची न्हाईत, असं मावसांनी लग्नानंतर लगेच सांगून टाकलं होतं. घरी तिनं फक्त तारा पिळताना ऐकलं होतं. आख्खं गाणं कधीच नाही.

आमच्या पार्टीची एक कॅसेट निघाली होती. दुसऱ्या दिवशी मी ती आणि टेप घेऊन वस्तीवर गेलो. मावशी पदर सावरून टेपसमोर बसली. शाहिरांचा आवाज सुरू झाला, ढोलकी आली, झील आली. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "ह्यात त्यांचं कुठलं?" मी म्हणालो, मावशे, मी बोट वर करीन, तेव्हा ऐक. दोन ओळींच्या मधे, शाहीर श्वास घेतात तिथे, ढोलकीच्या खाली कुठेतरी, मी बोट वर करत राहिलो. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. एक बाजू संपली, मी कॅसेट उलटली.

मधेच कोणत्या तरी गाण्यात माझं लक्ष बाहेर गेलं. म्हशी परतत होत्या. भानावर येऊन पाहिलं, तर मावशीचे डोळे मिटलेले होते आणि बोट वर होतं. अगदी बरोबर जागेवर.