हातभर कमी

माझ्या काकांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, तो मापाचा. काकूने दाराला पडदा लावला तरी हे खाली वाकून त्याची दोन्ही टोकं जमिनीपासून सारखी आहेत का बघायचे. काकू म्हणायची, "पडदा आहे तो, फुटबॉलचा गोल नाही."

काका गोऱ्या साहेबांच्या फुटबॉल मैदानाचे राखणदार होते. मैदानामागच्या दोन खोल्या नोकरीसोबत मिळालेल्या. खिडकी उघडली की समोर कॉर्नरचा झेंडा, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर आठवड्यातून एकदा तरी चेंडू. राज्य साहेबांचं, तशी जिल्ह्याची लीगही साहेबांचीच. पलटणीचे तीन संघ, रेल्वेचे दोन, बंदराचा एक, पोलिसांचा एक. पण सात संघ झाले की दर शनिवारी एकजण बिनसामन्याचा बसणार, ते कुणालाच बघवेना. म्हणून आठवा संघ छापखान्यातल्या आपल्या कामगारांचा घेतला. त्यांनी अनवाणी खेळावं, हरावं आणि गोलामागच्या नळाचं पाणी पिऊन घरी जावं, एवढीच अपेक्षा होती. पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढायची त्यांना परवानगी नव्हती. काकांनाही नव्हती, ते पगार पायरीवरून घ्यायचे.

लीगच्या पहिल्या वर्षी पहिल्या सेक्रेटरी साहेबाने काकांच्या हातात एक जाड दोरी दिली. गोलच्या दोन खांबांमधलं अंतर म्हणजे ही दोरी, दोन्ही टोकांना लाल धागा गुंफलेला. काकांनी दोरी घरी आणून दाराआडच्या खुंटीला टांगली आणि पुढच्या आठवड्यात तिच्या मापाने चार खड्डे खणले, विटांनी बांधले, चुन्याने पक्के केले. सुताराने आडवे दांडेही त्याच दोरीवरून कापले. मग दरवर्षी हंगामाआधी खांब त्याच खड्ड्यांत उभे करायचे, काकांनी दोरी लावायची, सेक्रेटरीने छत्रीखाली उभं राहून बघायचं आणि वहीत लिहायचं: मोजले, बरोबर आढळले. खाली साहेबाची सही. दोरी दरवर्षी तंतोतंत जुळायची. काकांची छाती दरवर्षी थोडी फुगायची. मोजलं त्यांनी आणि सही मात्र साहेबाची, हे त्यांना थोडं टोचायचं, पण बोलायचे नाहीत.

अशी सतरा वर्षं गेली. अठराव्या वर्षी छापखान्याच्या संघाचं डोकं फिरलं आणि ते जिंकायला लागले. त्यांचा कप्तान छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा, हडकुळा, बोलायला गोड आणि पायाने तिखट. शेवटच्या शनिवारी पलटणीच्या पहिल्या संघाशी सामना. जो जिंकेल त्याचा कप. छापखाना एका गोलने पुढे. अगदी शेवटच्या मिनिटाला पलटणीच्या कप्तान साहेबाने असा चेंडू हाणला की गोलकीपरने डोळेच मिटले. चेंडू खांबाच्या आतल्या कडेवर आपटला आणि बाहेर आला. शिट्टी वाजली. लोक मैदानात घुसले.

आता हा कप्तान साहेब रस्ते बांधणारा इंजिनियर. असल्या माणसाला आपला नेम चुकला हे पटत नाही; त्याला जगच चुकलेलं वाटतं. त्याने ऑफिसातून मापाची टेप मागवली आणि गर्दीसमोर गोल मोजला. हातभर कमी. पलीकडचा मोजला. तोही हातभर कमी.

काका टेपकडे बघत राहिले. त्यांच्या मते टेपमध्येच काहीतरी खोट होती.

सोमवारी कमिटी बसली. पॅव्हेलियनमध्ये सहा साहेब, पायरीवर काका, आणि दुभाष्या म्हणून छापखान्याचा कप्तान. गोल नियमाचा नाही, सबब सामना रद्द, कप पलटणीकडेच. राखणदाराने आपल्या लोकांसाठी खांब आत सरकवले, सबब नोकरी खलास. खोल्या शनिवारपर्यंत रिकाम्या करायच्या.

"मी नाही सरकवले," काका म्हणाले. मैदानामागच्या दोन खोल्यांखेरीज त्यांना या जगात कुठे जागा नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे माप खरंच चुकलं होतं.

घरी येऊन त्यांनी काकूला सगळं सांगितलं, दोरी खुंटीवरून काढली आणि मांडीवर घेऊन बसले. काकू सामानाची पेटी ओढायला गेली आणि मध्येच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हातभरच कमी आहे ना?"

"हातभर म्हणजे थोडं वाटतं तुला?"

"तसं नाही. या पेटीची कडी मी या घरात आले त्याच आठवड्यात तुटली होती. तुम्ही मैदानावर होता, खड्डे खणायचे होते अजून. दाराआड दोरी होती. मी हातभर कापली."

काका पेटीकडे बघतच राहिले. कडीच्या जागी अठरा वर्षं बांधलेला दोरीचा तुकडा, आणि त्याच्या एका टोकाला लाल धागा. तो त्यांनी रोज पाहिला होता. खुंटीवरच्या दोरीचा एका बाजूचा धागा गेलेला दिसला, तेव्हा तो उसवला असेल असं समजून या नीटनेटक्या माणसाने तिथे नवा लाल धागा स्वतः गुंफला होता.

"घरात दोरी असताना बाजारातून आणायची का?" काकू म्हणाली.

काकांना तिच्यावर ओरडायचं होतं, पण ती पेटी डोक्यावर घेऊन निघालीसुद्धा. कमिटी अजून उठली नव्हती; पॅव्हेलियनच्या पायऱ्या ती थेट चढली. तिला कुणी अडवलं नाही, कारण परवानगी नाही हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. टेबलावर पेटी ठेवून ती पुष्कळ वेळ बोलली. साहेबांनी दुभाष्या कप्तानाकडे बघितलं.

"बाई म्हणतात," कप्तानाने अदबीने सांगितलं, "गोल पहिल्या वर्षापासून हातभर कमी आहे. खड्डे खणून बघा, विटा हललेल्या नाहीत."

बाकीचं त्याने गाळलं. बाकीचं साहेबांच्या अकलेबद्दल होतं.

मग त्याने त्याहून अदबीने विचारलं, "गोल चुकीचा म्हणून हा सामना रद्द, तर मग आधीचे सगळेच सामने रद्द धरायचे का? म्हणजे कपावरची नावं पुसावी लागतील. आणि वहीतल्या सह्यांचं काय करायचं?"

कपावर सतरा नावं कोरलेली होती, त्यातली अकरा पलटणीची. वहीत हल्लीच्या सेक्रेटरीच्याच सहा सह्या होत्या. साहेब आपसात अर्धा तास कुजबुजले. शेवटी ठराव झाला तो असा: या मैदानावरील गोलचे माप या मैदानापुरते बरोबर समजण्यात यावे. कप छापखान्याला मिळाला. काकांच्या खोल्या राहिल्या. कप्तान साहेबाची दुसऱ्या महिन्यात बदली झाली.

काका मात्र महिनाभर काकूशी बोलले नाहीत. नोकरी वाचली, कप मिळाला, सगळं गाव त्यांना खांद्यावर घ्यायला तयार, आणि हे तोंड पाडून बसलेले. "अठरा वर्षं मी खोटं माप लावलं," एवढंच म्हणायचे. मला त्यांचं हसू यायचं, पण वाईटही वाटायचं.

पुढे साहेब गेले. खिळे जुळवणारा कप्तान आता लीगचा सेक्रेटरी झाला. त्याने ठरवलं की आता गोल नियमाचे करायचे. टेप त्याच्या खिशात होती, पण त्याने ती बाहेर काढली नाही. म्हणाला, "काका, माप तुमच्याच दोरीने."

काका तेव्हा वाकले होते. त्यांनी पेटीवरचा तुकडा सोडवला, दोरीला गाठ मारून जोडला, नवे खड्डे स्वतः उभं राहून खणून घेतले, विटा बसवल्या. आठवड्याने चुना पक्का वाळला, नवे दांडे चढले, तेव्हा सेक्रेटरीने ती जुनी वही त्यांच्यापुढे धरली. "सही तुमची," तो म्हणाला. पॅव्हेलियनच्या सगळ्यात वरच्या पायरीवर खुर्ची ठेवली होती.

काका बसले. लेखणी घेतली आणि थांबले. दोरी मांडीवर होती. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. मग काकूकडे बघितलं.

"गाठीत गेलं ना?" ती हळूच म्हणाली.

काकांनी मान हलवली, वहीवर वाकले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेली ती सही करून तिच्या वर ठळक अक्षरात लिहिलं: मोजले. चार बोटे कमी.

सेक्रेटरीने वाचलं, खिशातल्या टेपला हात लावला आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. गोल अजून तेवढेच आहेत. आणि त्या सबंध वहीत खरी नोंद तेवढी एकच आहे.