शनिवार तेल्याचा टँकर

"दुष्काळात आलेला टँकर परत पाठवणारा कारखानदार? दाखवा मला एकदा!" साहेबांनी फाइल माझ्यापुढं आपटली.

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. मी उद्योग निरीक्षक. कोणत्या कारखान्याला कोणत्या वारी टँकर, हा तक्ता माझ्या हातचा. मी एसटीनं उदगीर गाठलं.

टँकर परत पाठवणाऱ्या शालोमशेठची तिथं जिनिंग होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापूस पेटायला ठिणगी पुरते, म्हणून आगीसाठीचा हौद भरलेला नसेल तर मशीन सुरू करायला बंदी. त्या वर्षी साठ बायामाणसांना गावात तेवढंच काम होतं आणि हौद ठणठणीत कोरडा. गेटवर मुकादम संगप्पा भेटला.

"टँकर परत का पाठवला?"

"शनिवारी आला की सायेब! शेठ यहुदी हाईत. आमी लिंगायत सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाई, शेठ शनिवारी कामाला हात लावत न्हाईत. ह्यात अवघड काय हाय?"

शेठनी चहा मागवला. "आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. निजामाच्या राज्यात वडील इथं आले आणि कापसात पडले. हे मी तुम्हाला मागंच सांगितलं होतं. तुम्ही लिहूनही घेतलं होतं."

मी फाइल उघडली. माझ्याच वळणदार अक्षरात होतं: 'जात: तेली. कामाचा वार: शनिवार.'

"शुक्रवार जमेल का?" शेठनी विचारलं.

शुक्रवारचा टँकर आमच्याच ऑफिसर कॉलनीचा होता. आता आली का पंचाईत! पण चूक माझी होती. साठ माणसं माझ्या अक्षरापायी घरी बसली होती. लातूरला परतून साहेबांपुढं सगळं कबूल केलं.

"म्हणजे तुमच्या चुकीपायी माझ्या अंघोळीचं पाणी जाणार?"

"जाणार नाही साहेब. शनिवारी येईल."

साहेबांनी सही ठोकली. शुक्रवारी हौद भरला, मशीन घरघरायला लागलं. इकडं कॉलनीत डोक्यावरून अंघोळ फक्त शनिवारी. त्या दिवशी साहेबांसकट सगळे सकाळपासून डोक्याला तेल थापून टँकरची वाट बघत उभे.

पुढं एकदा शेठना हे सांगितलं. ते पोट धरून हसले. "घ्या! आता शनिवार तेली तुम्ही!"

निवृत्त होईपर्यंत, लिहिलेलं समोरच्याला वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाची सही घेतली नाही.