साबण आणायचा तो नवीने

लांबची आमच्या धुलाईखान्यात आली तेव्हा तिला आमची भाषा जेमतेम येत होती. गाव फार लांबचं, म्हणून आम्हीच तिचं नाव लांबची पाडलं. आमचं काम इस्पितळांच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून परत पाठवायच्या. घडी दोघींनी चार कोपरे धरून घालायची असते, आणि ती माझ्या जोडीला होती. तिचा हात असा चालायचा की मला धाप लागायची. वर हसून विचारायची, "ताई, दमलात का?"

साबण, सोडा मागच्या कोठीत असायचा. तिथे कुणी बाई गेली की दोन मिनिटांत मुकादमही मागोमाग जायचा आणि दार लोटून घ्यायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर आम्ही आमचा तोडगा काढला होता. साबण आणायचा तो सगळ्यात नव्या बाईने. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं. मी नवी असताना मीही जायचे. पुढची आली तेव्हा सुटले म्हणून मी देवाला हात जोडले होते. काय ते हात आणि काय ती मी!

लांबचीला पाठवायचं काम माझंच, जोडीदारीण ना. "जा गं, साबण आण," म्हणताना मी तिच्या तोंडाकडे बघत नसे. परत आल्यावर तिच्या हातून घडी वाकडी पडायची. मी कोपरा सरळ करून घ्यायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचे. लाज वाटायची. पण लाज गिळूनही पोट भरता येतं, हे मी तिथेच शिकले.

एका सकाळी ती कोठीतून निघाली ती थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेली आणि मोडक्यातोडक्या शब्दांत सगळं सांगून मोकळी झाली. मुकादमाच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. "साबण चोरताना पकडली, म्हणून कांगावा करतेय."

मालकीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. "कुणाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा. नाहीतर हिला आजच काढावं लागेल."

सगळ्या फरशीकडे बघायला लागल्या. मीही बघितलं. मग म्हणाले, "ती खरं बोलतेय."

"तुम्ही पाहिलंत?"

"माझ्यावरही तेच आलं होतं. म्हणून तर आम्ही नव्या बाईला पाठवतो. हिला मीच पाठवत होते, माहीत असून."

त्यानंतर एकेकीचं तोंड उघडलं. दुपारच्या आत मुकादमाला गेटबाहेर काढलं.

बाहेर आल्यावर बायका मला धीराची म्हणायला लागल्या, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांबची भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ जाऊन माफी मागितली.

"आई रोज फोनवर रडते," ती शब्द जुळवत म्हणाली. "मी तिला सांगते, रडू नको. इथे एक ताई आहे. ती मला काही होऊ देणार नाही."