चांगलं लुगडं नेसून आलेली बाई

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, त्या मदत केंद्रात जायचं का सोडलंस? मी म्हटलं, गुडघे दुखतात. दुखतातच ते, पण कारण ते नव्हे. पडद्यावर तुमचे हसरे चेहरे बघत मला खरं सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आर्वीत आपल्या घरापासून जवळच एका धर्मादाय संस्थेचं केंद्र आहे. अपंग आणि आजारी माणसांना तिथे कुबड्या, चालायच्या काठ्या, चाकांच्या खुर्च्या फुकट मिळतात. महिन्यातून एकदा वाटप असतं. देणगीदार बहुतेक परदेशातले, त्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून केंद्राचे व्यवस्थापक स्वतः घरी आले, वाकून नमस्कार केला, चहाचा कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. असा मनुष्य गोरगरिबांची कामं करतो म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

दसरा झाल्यावर मी पहिल्यांदा वाटपाला गेले. माझं टेबल आतल्या बाजूला, दारासमोर होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं. माणसं सकाळपासून अंगणात उन्हात बसली होती. व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, त्या मांडू या का? व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, एकदा खुर्चीवर बसले की उठत नाहीत हे लोक." आणि कामाला लागले.

माझ्या वयाच्या माणसांना ते अरे-तुरे करत होते. चपला फाटकाबाहेर काढायला लावत होते. एका म्हाताऱ्याला कुबड्या मिळाल्या. देणगीदारांच्या फोटोंचा मोठा फलक लावला होता, त्याच्यापुढे त्याला हात जोडून उभं केलं. आता कुबड्या धरायच्या की हात जोडायचे, त्याला कळेना. गडबडून तो हसला. तर व्यवस्थापक म्हणाले, "हसू नको. परत काढा." फोटो परत काढला. मी हातातलं पेन खाली ठेवलं ते तेव्हा. आपण ऐकलं ते खरंच ऐकलं का, असं झालं मला.

मग ती बाई आली. जंगलाकडच्या एका गावातली, गोंड समाजातली, साठीच्या आसपासची. हिरवं काठाचं लुगडं नेसलेली, केस चापूनचोपून बांधलेले, हातात कापडी पिशवी. तिच्या नवऱ्याला लकवा झाला होता. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात दोघंच. त्याला एकटीनं उचलून बाहेर आणणं तिला झेपत नव्हतं, म्हणून तो पावसाळाभर आतल्या अंधारात खाटेवर पडून होता. चाकांची खुर्ची मिळाली तर त्याला अंगणात, मोहाच्या झाडाखाली बसवता येईल, एवढंच तिचं मागणं होतं. हे सांगण्याआधी तिनं पिशवी टेबलावर ठेवली. आत सीताफळं होती, डोळे उघडलेली, पिकत आलेली. कुणाच्या दारी जायचं तर धुतलेलं नेसून जायचं आणि रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. आपल्या घरातही हीच होती, तुमच्या आईला विचारा.

व्यवस्थापकांनी आधी लुगड्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"लग्नाला निघाली का तू? घरी फळबाग दिसते. मग फुकटाची खुर्ची काऊन पाहिजे?"

तिच्या बोलीतला तो काऊन त्यांनी हेल काढून म्हटला. बाजूचे दोघे कर्मचारी हसले. ती म्हणाली, बाग नाही, बांधावरची झाडं आहेत. नवऱ्यानंच आठवणीनं द्यायला सांगितली. त्यावर ते म्हणाले, पुढच्या वाटपाला ये, आणि येशील तर गरजू माणसासारखी ये. ती नमस्कार करून, रिकामी पिशवी घडी घालून निघून गेली.

पिशवी रिकामी होती. सीताफळं आधीच आत गेली होती. थोड्या वेळानं एका ताटलीत दोन सीताफळं माझ्यापुढे आली. व्यवस्थापक दारातून म्हणाले, "खा मॅडम, जंगलातली आहेत, बाजारात अशी मिळत नाहीत." आत बसून सगळे खात होते, बिया थाळीत टाकत होते. इतकी वर्षं वर्गात कुणाचा कान धरायला मी कचरले नाही, आणि तिथे नुसती ताटलीकडे बघत राहिले.

संध्याकाळी मी व्यवस्थापकांशी बोलले. ते रागावले नाहीत, ह्याचाच मला जास्त धक्का बसला. त्यांनी मला समजावून सांगितलं. फोटोत माणूस नीटनेटका दिसला की देणगीदार विचारतात, ह्याला कशाला दिली? मग पुढच्या वेळी हात आखडतात. "तिला नाही म्हटलंच नाही मी, मॅडम. फक्त पुढच्या महिन्यात ये म्हटलं."

म्हणून मी पुढच्या वाटपालाही गेले. तिला खुर्ची मिळते की नाही ते बघायचं होतं.

ती आली. मी आधी ओळखलंच नाही. अंगावर खांद्याशी फाटलेलं, रंग उडालेलं लुगडं, केस सुटलेले, हात रिकामे. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. नाव पुकारल्यावर फलकापुढे जाऊन स्वतःच हात जोडले. हसू नको म्हणून तिला सांगावं लागलं नाही. व्यवस्थापक खूश झाले. "हां, आता कसं," म्हणाले. खुर्ची मिळाली.

घडी घातलेली ती खुर्ची तिला एकटीला नेववेना, म्हणून मी बसस्थानकापर्यंत दुसऱ्या बाजूनं धरून गेले. स्थानकावर चहाच्या टपरीवाल्या बाईकडे तिनं पिशवी ठेवायला दिली होती, ती मागून घेतली आणि बायकांच्या मुतारीकडे गेली. परत आली तेव्हा अंगावर तेच हिरवं लुगडं होतं, केस बांधलेले होते. फाटकं लुगडं तिनं नीट घडी घालून काखेत धरलं होतं.

मी विचारलं, हे काय? ती खाली बघत म्हणाली, "माह्यापाशी फाटकं नोतं, बाई. मी फाटलं का लगेच शिवतो. शेजारणीचं मांगून आणलं."

लग्नाकार्याला लोक चांगलं लुगडं मागून नेतात, हे मी आयुष्यभर पाहिलं. फाटकं मागून नेलेलं पहिल्यांदा ऐकलं.

पिशवीत अजून काहीतरी होतं. तिनं ती माझ्या हातात दिली. बहाराची शेवटची, लहान लहान सीताफळं होती. नवऱ्यानं या खेपेलाही पाठवली होती. गेल्या वेळी काय झालं ते तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. साहेबांकडे खुर्च्या संपल्या होत्या, असं सांगितलं होतं.

"तुमीच न्या," ती म्हणाली. "घरी वापस नेले तं ते इचारतीन. त्याइले सांगीन, साहेबाले लय आवडले."

मी घेतली. दुसरं काय करणार? गाडी आल्यावर वाहकानं खुर्ची आत चढवून दिली, ती खिडकीशी बसली, पदर सारखा केला.

तिथूनच मी केंद्रात परत गेले आणि यापुढे पत्रं लिहायला येणार नाही, असं सांगितलं. व्यवस्थापकांना कारण कळलं नाही. मी सांगितलं, तरी कळलं नाही. दिवाळीचा बोनस मिळाला नाही म्हणून मॅडम नाराज आहेत का, असं त्यांनी हळूच बाजूच्याला विचारलं.

तुम्ही फोन केलात तेव्हा ती सीताफळं माझ्यामागे ओट्यावर होती. तांदळात ठेवून पिकवली होती. धाकट्या, तू म्हणालास, आजी, ते हिरवं काय आहे? मी म्हटलं, कुणीतरी दिली आहेत.